मन मोठं, टाकी लहान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला रेडिओवर बोलावलं की तो कविता वाचणार, असं सगळे गृहीत धरतात. आज मी कविता वाचणार नाही. आज मला माशांविषयी बोलायचं आहे, आणि तेही ताटातल्या नव्हे, काचेच्या टाकीतल्या. माझ्या घरात २००६ सालापासून फिशटँक आहे. एवढ्या वर्षांत मी माशांबद्दल जे काही शिकलो, त्यातलं बरंचसं एका चुकीतून शिकलो. टाकीत जितके मासे सुखाने राहू शकतात, त्यापेक्षा जास्त मासे मी ठेवले. ही चूक इतकी साधी आणि इतकी सर्रास होणारी आहे, की आज ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी टाकी आहे, त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी ती केली असेल, असं मला वाटतं.

माझे मासे सिक्लिड जातीचे. हे नाव परकं वाटलं, तरी मासा परका नाही. उजनीच्या जलाशयातून आमच्या सोलापूरच्या बाजारात येणारी चिलापी ही सिक्लिडच. कोकण-गोव्याच्या खाड्यांमध्ये मिळणारा कालुंदर हाही सिक्लिड. भारतात मूळचे सिक्लिड तीनच, त्यांतला हा एक. हॉटेलच्या काउंटरवरच्या टाकीत पंख पसरून डौलात फिरणारा एंजल, डोक्यावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न, हातातून खाणारा ऑस्कर, हे सगळे एकाच मोठ्या कुळातले. माझ्याकडचे मासे मात्र आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या जातींचे. पिवळेधमक, निळे, शेंदरी. तिथल्या टोंगा लोकांच्या भाषेत त्यांना म्बुना म्हणतात. म्बुना म्हणजे खडकातले मासे. हे मासे रंगाने समुद्रातल्या माशांशी बरोबरी करतात आणि स्वभावाने चाळीतल्या शेजाऱ्यांशी. जो तो आपला कोपरा धरून बसतो आणि दुसरा जवळ आला की अंगावर जातो.

आता माझी गोष्ट सांगतो.

माझं लहानपण दोन खोल्यांच्या घरात गेलं. आम्ही नऊ माणसं होतो. त्यात गावाकडून कोणी ना कोणी शिकायला, दवाखान्याला आलेलं असायचंच. अब्बा म्हणायचे, पाहुणा आला की परातीत मूठभर पीठ वाढवायचं, बस्स. या शिकवणीचा मला आजही अभिमान आहे. अडचण एवढीच झाली, की मी ती टाकीतही वापरली.

२००६च्या ऑक्टोबरात मी 3 फूट लांब, 1 फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी घेतली. मुलगी तेव्हा 9 वर्षांची होती, तिचा हट्ट होता. पुण्याहून बारा म्बुना आणले. सहा पिवळे, सहा निळे. प्रत्येक जण जेमतेम 2 इंचांचा. एवढ्या मोठ्या टाकीत ते बारा जण हरवल्यासारखे दिसायचे. डिसेंबरात दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, अजून चार सहज मावतील." आणले चार. बकरी ईदेला मेहुणा आला, तो मिठाईऐवजी पिशवीत दोन ऑस्कर घेऊन आला. ईदेची भेट, नाही कशी म्हणायची? एका कविमित्राची बदली झाली. त्याने आपली टाकी मोडली आणि उरलेले पाच मासे माझ्या हवाली केले. मित्राची ठेव, तीही नाकारता येईना. मग आमच्याच एका मादीने पिलं दिली आणि त्यातली सहा मुलीने वाटीत वेगळी काढून जगवली. झाले एकोणतीस. माझी अम्मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायची. एक दिवस ती म्हणाली, "इत्ते मच्छ्या कायकू रे?" मी हसून सोडून दिलं.

२००७चा मे महिना. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. त्या वर्षांत भारनियमन रोजचंच होतं, पण त्या रात्री आमच्या भागात वीज गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो. सकाळी खाली आलो, तर मुलगी टाकीसमोर उभी होती. काही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. अकरा मासे मेले होते.

मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस जे करतो ते केलं. टाकीतलं सगळं पाणी काढलं. नळाचं ताजं पाणी भरलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला, अगदी पांढरा होईपर्यंत. मनाला वाटलं, आता सगळं स्वच्छ झालं. पुढच्या आठवड्यात आणखी सात मासे गेले. एकोणतीसमधले अकरा उरले. मुलीने मला एकच विचारलं, "अब्बा, आपण एवढे का आणले होते?" तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढे दोन वर्षं लागली. ते उत्तरच आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट, टाकीत नक्की काय चालतं ती. मासा खातो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. अमोनिया माशांना विषासारखा. फिल्टरच्या स्पंजमध्ये, वाळूत, दगडांवर काही जिवाणू राहतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही घातकच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते आपण पाणी बदलून काढून टाकायचं. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. मी स्पंज पांढरा केला म्हणजे काय केलं? नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ते जिवाणूच मारले. उरलेल्या माशांची घाण साफ करणारं कोणी उरलंच नाही. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा असतो, तळपायाने तुडवल्यासारखा धुवायचा नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

यात सिक्लिडवाल्यांसाठी एक जादा धोका आहे. शेतकरी श्रोत्यांना जमिनीचा सामू माहीत असतो. पाण्यालाही सामू असतो. मलावीच्या माशांना 8च्या आसपासचं, थोडं अल्कधर्मी, जड पाणी मानवतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणूनच त्यांना चांगलं लागू पडतं. पण अमोनियाचा विषारी अंश सामूबरोबर वाढतो. पाण्यात अमोनिया तेवढाच असेल, तर सामू 7पेक्षा सामू 8ला त्याचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे साध्या पाण्यातल्या माशांच्या टाकीत जी गर्दी कशीबशी निभून जाईल, ती म्बुनाच्या टाकीत निभणार नाही.

दुसरी गोष्ट हवेची. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 32 अंशांच्या पाण्यात 7च्या थोडा वर. फरक लहान दिसतो, पण गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. फिल्टर आणि हवेचा पंप चालू असेपर्यंत पाण्याची वरची पातळी हलत राहते आणि हवा आत मिसळते. वीज गेली की हे थांबतं. टाकीत बारा मासे असते, तर ती रात्र त्यांनी काढली असती असं मला वाटतं. एकोणतिसांना ती पुरली नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली, आणि ती निव्वळ गणिताची आहे. मी बी.ए. झालेला माणूस, गणिताशी माझं फारसं सख्य नाही, पण हे गणित सोपं आहे. 2 इंचांचा मासा 4 इंचांचा झाला म्हणजे तो दुप्पट झाला असं आपल्याला वाटतं. तो लांबीला दुप्पट होतो, तसा उंचीला दुप्पट आणि जाडीलाही दुप्पट होतो. दोन गुणिले दोन गुणिले दोन. वजन आठपट. मी पुण्याहून बारा लहान मासे आणले होते. ते पूर्ण वाढले, तेव्हा वजनाच्या हिशेबाने माझ्या टाकीत शहाण्णव लहान मासे होते. त्यांचं खाणं आणि घाण अगदी आठपट होत नाही, हे खरं, पण कित्येक पट नक्की होते. म्हणजे एकही नवा मासा न आणता टाकी भरत जाते. दुकानदाराने "अजून चार मावतील" म्हटलं, तेव्हा तो त्या दिवसापुरतं खरंच बोलत होता.

म्हणून मासा घ्यायचा तो त्याच्या पूर्ण वाढीच्या मापाने. पिवळा म्बुना, ज्याला दुकानात यलो लॅब म्हणतात, तो 4 इंचांच्या आसपास थांबतो. झेब्रा म्हणून मिळणारे म्बुना 5-6 इंचांपर्यंत जातात. एंजल 6 इंच लांब होतो आणि पंखांसकट त्याहून उंच, म्हणून त्याला उंच टाकी लागते. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न 1 फुटापर्यंत वाढतात. ऑस्कर लहानपणी महिन्याला इंचभर वाढतो. मेहुण्याने आणलेले 3 इंचांचे ऑस्कर मे महिन्यात 8 इंचांचे झाले होते. एका ऑस्करला 4 फुटी टाकी लागते. दोघांना माझ्या 3 फुटी टाकीत, म्बुनांच्या सोबत ठेवणं हा दोघांवरही अन्याय होता. गंमत म्हणजे त्या रात्री ते दोघेही वाचले. ऑस्कर कमी प्राणवायूत तग धरण्यात पटाईत आहे. पुढे मी ते 6 फुटी टाकी असलेल्या एका गृहस्थांना दिले.

आता कोणी विचारील, की मलावीच्या सरोवरात हे मासे खडकांवर दाटीवाटीनेच राहतात, मग टाकीत का चालू नये? मलाही हा प्रश्न पडला होता. ते सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे, म्हणजे सोलापूर ते मुंबई अंतराहूनही लांब. खोली सातशे मीटरपर्यंत. तिथे खडकाजवळ गर्दी असेलही, पण त्यांची घाण विरायला केवढं पाणी आहे! आणि ज्याला मार बसतो, त्याला पळून दूर जाता येतं. टाकीत पळणारा मासा 3 फुटांवर काचेला धडकतो.

मग दोनच मासे ठेवावेत का? इथे सिक्लिडचा स्वभाव आडवा येतो. दोन म्बुना ठेवले, तर बलवान असेल तो दुसऱ्याला दिवसरात्र छळतो, कधी कधी ठारही करतो. सात-आठ जण असले की राग वाटला जातो, कोणा एकावर सगळा येत नाही. एका नराला तीन तरी माद्या असाव्यात, म्हणजे एकाच मादीचा पिच्छा पुरवला जात नाही. म्हणून जाणकार म्बुनाची टाकी मुद्दाम जराशी भरलेली ठेवतात. पण हा सल्ला अर्धाच ऐकू येतो. "भरलेली चालते" एवढं लोक ऐकतात. त्या भरलेपणाला दुप्पट ताकदीचा फिल्टर लागतो आणि दर आठवड्याला न चुकता पाणी बदलावं लागतं, हा पुढचा भाग ऐकलाच जात नाही. मीही ऐकला नव्हता.

मग नक्की किती मासे ठेवायचे? इंचाला अमुक लिटर असा नियम सांगतात, पण सिक्लिडच्या बाबतीत तो फसवा आहे. वजनाचं गणित तो धरत नाही आणि भांडणाचंही धरत नाही. मी माझी पद्धत सांगतो. आधी पाणी मोजा. 4 फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टाकी म्हणजे 9 घनफूट. एका घनफुटाला 28 लिटर धरले, तर अडीचशे लिटर. त्यातून वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा करा. खरं पाणी दोनशे लिटर उरतं. माझ्या 3 फुटी टाकीत ते जेमतेम शंभर लिटर होतं. त्यानंतर टाकीचा तळ बघा. म्बुनाचं भांडण जमिनीवरून असतं, त्यामुळे उंच टाकीपेक्षा लांब टाकी बरी. दगडांच्या दोन-तीन वेगळ्या राशी करा, म्हणजे जो तो आपली गुहा धरतो आणि हरलेल्याला लपायला आडोसा मिळतो. 3 फुटी टाकीत आठ पिवळे म्बुना सुखाने राहतात. 4 फुटी टाकीत चौदा-पंधरा.

पण या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा एक आकडा आहे, आणि तो प्रत्येक घराचा वेगळा असतो. तुम्ही किती पाणी बदलू शकता? दर आठवड्याला टाकीतलं चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदलायला हवं. शंभर लिटरच्या टाकीला 30 लिटर, म्हणजे दोन बादल्या. २००७च्या त्या उन्हाळ्यात आमच्या भागात नळाला तीन-चार दिवसांनी पाणी यायचं. घरात पिण्याचं पाणी कळशीने मोजून वापरलं जायचं. एकोणतीस माशांना आठवड्यातून दोनदा तीन-तीन बादल्या पाणी हवं होतं. ते मी कुठून आणणार? बायकोला सांगायची हिंमत नव्हती. मग आज बदलू, उद्या बदलू, असं करत तीन आठवडे पाणी बदललंच नव्हतं. मासे मेले ते विजेने, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत असे. वीज हे शेवटचं निमित्त होतं. त्याआधीचे तीन आठवडे मी त्यांना रोज थोडं थोडं मारत होतो.

म्हणून श्रोतेहो, माझा एकच नियम आहे. माशांची संख्या वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यावरून ठरवा. मे महिना आहे, नळाला पाणी नाही, सहा तास वीज नाही, तुम्ही लग्नाला गावी गेला आहात आणि मासे पूर्ण वाढलेले आहेत, असं डोळ्यांसमोर आणा. त्या आठवड्यात जितके मासे जगतील, तितकेच टाकीत ठेवा. डिसेंबरातल्या स्वच्छ, थंड पाण्याकडे बघून संख्या ठरवू नका. आणि ती संख्या पहिला मासा आणण्याआधी कागदावर लिहून टाकीच्या झाकणावर चिकटवा. तो कागद दुकानातही खिशात असू द्या. दुकानातल्या दिव्याखाली मासे फार सुंदर दिसतात.

गर्दी झाली आहे, हे मासे आधीच सांगत असतात, फक्त बघायला हवं. पहाटे दिवा लावण्यापूर्वी मासे पृष्ठभागाशी तोंड लावून असले, तर प्राणवायू कमी पडतो आहे. एखादा मासा सतत वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे उभा असला, तर त्याला खाली जागा नाही. शेपट्या फाटलेल्या, पंख मिटलेले, पाण्याला वास, ही सगळी पत्रं आहेत, वाचायला हवीत. पाण्याच्या तपासणीचे छोटे संच दुकानात मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असलेच पाहिजेत. पाणी बदलल्यावर आठवड्याच्या आत नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या वर जात असेल, तर मासे जास्त आहेत किंवा तुम्ही खाऊ जास्त घालता आहात. बहुधा दोन्ही.

खाण्याचंही सांगतो. म्बुना तळ्यातल्या खडकांवरचं शेवाळ खरवडून खाणारे. त्यांना हिरवा खाऊ थोडा थोडा द्यावा आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. आम्हा लोकांना उपासाचं महत्त्व सांगायला नको, पण माशांच्या बाबतीत मलाही ते पटायला वेळ लागला. वीज गेली की खाऊ पूर्ण बंद. आणि वीज लांबली तर तांब्याने टाकीतलंच पाणी उचलायचं आणि वरून धार सोडायची. दर काही मिनिटांनी अशा वीस-पंचवीस धारा सोडल्या की हवा मिसळत राहते. सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो आता माझ्या टाकीखालच्या कप्प्यात कायम असतो. आता भारनियमन पूर्वीसारखं राहिलेलं नाही, पण वादळात, दुरुस्तीत वीज जातेच.

पिलांचं काय करायचं, हा सर्वांत अवघड प्रश्न. म्बुनाची मादी अंडी तोंडात धरते. तीन आठवडे ती जवळजवळ काही खात नाही. मग एक दिवस तोंड उघडते आणि वीस-तीस पिलं बाहेर पडतात. आई कशाला म्हणावं, हे तिच्याकडे पाहून कळतं. म्हणूनच मुलीने वाटीत पिलं काढली, तेव्हा मी तिला अडवलं नाही. माझ्यातला कवी आडवा आला. पण दर दीड-दोन महिन्यांनी वीस पिलं जगवायची ठरवली, तर वर्षात टाकीचं काय होईल? सरोवरातही त्यातली बहुतेक पिलं मोठ्या माशांच्या तोंडी जातात. टाकीतही तेच होऊ द्यावं लागतं. दगडांच्या फटीत लपून एखाद-दुसरं जगतं, त्याला जागा असेल तर ठेवावं, नसेल तर ओळखीत द्यावं. ज्यांना हे बघवत नाही, त्यांनी फक्त नर ठेवावेत. वेगवेगळ्या रंगांचे, एकमेकांसारखे न दिसणारे नर ठेवले, तर भांडण कमी होतं आणि पाळणाही हलत नाही.

एक मात्र कधीही करू नका. नकोसा झालेला मासा तळ्यात, विहिरीत, नदीत सोडू नका. सोडणाऱ्याला वाटतं आपण त्याला मुक्त केलं. चिलापीचंच बघा. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. हेतू चांगला होता, लोकांना स्वस्त मासा मिळावा. त्याच्या काही जातीही तोंडातच अंडी वाढवतात, त्यामुळे पिलं फार जगतात. तो जिथे गेला तिथे पसरला आणि स्थानिक माशांच्या जागेवर, खाण्यावर त्याने हक्क सांगितला. तुमच्या टाकीतली गर्दी संभाजी तलावात नेऊन ओतली, तर ती गर्दी संपत नाही, फक्त तुम्हाला दिसेनाशी होते. त्यापेक्षा दुकानदाराला परत द्या, फुकट द्या, पण पाण्यात सोडू नका.

उरलेल्या अकरांपैकी दोन ऑस्कर गेले, नऊ म्बुना राहिले. त्या नवांवर मी पाच वर्षं काढली. एकही नवा मासा आणला नाही. २०१२मध्ये 4 फुटी टाकी घेतली, तेव्हा आधी रिकामी चालवली, जुन्या टाकीचा स्पंज तिच्यात टाकला, आणि मग हळूहळू मासे वाढवले. नवे मासे सोडताना दगडांची मांडणी बदलली, म्हणजे जुन्यांचे हक्क मोडतात आणि नव्यांना कमी मार बसतो. आज माझ्या टाकीत चौदा मासे आहेत. शनिवारी मी चार बादल्या पाणी बदलतो. काढलेलं पाणी गच्चीवरच्या मेंदीला आणि कढीपत्त्याला घालतो, नायट्रेटमुळे ती जोमाने वाढली आहेत. नवं पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून उघडं ठेवतो, म्हणजे क्लोरिन उडून जातो. मेहुण्याला सांगून ठेवलं आहे, ईदेला मिठाईच आण. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही.

अब्बांची मूठभर पिठाची गोष्ट मी अजूनही मानतो. घरात माणूस आला की जागा होते, कारण माणसं सरकून बसतात, एक जण गच्चीवर जातो, एक जण शेजारी झोपतो. मासे सरकू शकत नाहीत आणि त्यांच्यासाठी नाही म्हणायचं काम आपलंच असतं. माझ्या मुलीला २००७ साली हे उत्तर द्यायला हवं होतं. आम्ही एवढे आणले, कारण मला कोणाला नाही म्हणता आलं नाही, आणि त्या नकाराची किंमत माझ्याऐवजी माशांनी मोजली.

ती मुलगी आता सासरी असते. तिचा 4 वर्षांचा मुलगा सुट्टीत आमच्याकडे येतो. परवा टाकीसमोर बसून तो म्हणाला, "नाना, अजून एक आणू या ना, लाल." मी त्याला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, आधी हे किती आहेत ते मोज. तो मोजायला लागला. मासे हलत होते, म्हणून त्याचा आकडा कधी बारा यायचा, कधी सतरा. आम्ही अर्धा तास मोजत बसलो. लाल मासा तो विसरून गेला. चौदा आहेत, हे त्याने शेवटी माझ्या शब्दावर मान्य केलं.